लोकरताईच्या बावीस पिना

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे लोकरताई म्हणतात. पंचवीस वर्षं ती एका लाँड्रीत कामाला आहे आणि तिथले लोकरीचे सगळे कपडे तिच्या एकटीच्या हातचे. तिला विचारल्याशिवाय मालकसुद्धा स्वेटर पाण्यात घालत नाहीत. गिऱ्हाईक काउंटरवर आलं की हिचा पाठ सुरू: "पिळायचं नाही. चोळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं, जाळीवर आडवं टाकायचं आणि वाळेपर्यंत हात म्हणून लावायचा नाही!" एवढं ठासून सांगते की लोक स्वतःचाच स्वेटर घाबरत घाबरत घरी नेतात.

आणि हीच बाई स्वतःच्या केसांचं काय करत होती? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ताईचे केस कुरळे आणि दाट. लहानपणी आम्ही सगळे तिला 'घरटं' म्हणायचो. माझे केस सरळसोट, त्यामुळे हसायला माझं काय जात होतं? लाँड्रीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने टेबलावर डोकं टेकवलं, केसांवर वर्तमानपत्र अंथरलं आणि इस्त्री माझ्या हातात दिली. ती एकोणीस वर्षांची, मी तेराची. मी फिरवली! कानामागची एक बट चर्रकन जळाली आणि घरभर वास सुटला. आई धावत आली, जळकी बट बघितली, दोन महिन्यांनी तिथेच पुन्हा उगवलेलं वेटोळंही बघितलं आणि म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही हिचा."

तेव्हापासून ताई केस कोरडेच बारीक कंगव्याने ओढून काढायची, तेल थापायची आणि मानेवर मुठीएवढा अंबाडा घालून त्यात पिना खुपसायची. पंचवीस वर्षांत मी तिचे केस मोकळे पाहिले नाहीत. खोटं कशाला बोलू, पाहावेसे वाटलेही नाहीत.

मग माझी मुलगी झाली. नाव काहीही असो, घरात ती ठिणगी. आणि ठिणगीचं डोकं? हुबेहूब मावशीचं! सात वर्षं रोज सकाळी मी कंगवा घेऊन तिच्यामागे आणि ती रडत पुढे. महिन्याला दोन कंगवे मोडायचे. माझ्या नाकी नऊ आले होते. त्यात शाळेत तिच्या केसांमुळे मागच्या मुलाला फळा दिसत नाही म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. येत्या सोमवारी वर्गाचा फोटो निघणार होता, त्यातही बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. ठिणगी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, माझे केस मुलांसारखे बारीक काप. सगळे."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. आज लाज वाटते, पण वाटलं. मी लगेच पार्लरला फोन करून रविवारी चारची वेळ घेतली.

शनिवारी तिला ताईजवळ लाँड्रीत सोडलं. संध्याकाळी न्यायला गेले तर काउंटरवर रणकंदन चाललेलं. एका गृहस्थांनी लोकरीची शाल आणली होती, पार पिंजून फुगलेली. ताई शाल हातात धरून ओरडत होती, "कोरडी असताना ब्रश मारलात? कुणी सांगितलं होतं? लोकरीला स्वतःची वळणं असतात, ती तुम्ही ओरबाडून काढलीत! फुगणार नाही तर काय होणार?"

मागच्या स्टुलावरून ठिणगी म्हणाली, "आई माझे केस असेच विंचरते."

ताईने शाल काउंटरवर ठेवली. एकदा ठिणगीच्या डोक्याकडे बघितलं, एकदा शालीकडे. मग तिचा हात आपोआप मानेवर, अंबाड्यावर गेला. त्या गृहस्थांना वाटलं आपली सुटका झाली, ते हळूच बाकावर टेकले.

"चारची वेळ रद्द कर," ताई मला म्हणाली.

"ताई, तिलाच कापायचेत. फोटो परवा आहे."

"मग एक धुणं मला दे. उद्या सकाळी येते. नाही जमलं तर खुशाल काप."

रविवारी सकाळी नवाला ती दारात. पिशवीत रुंद दातांचा कंगवा, केसांना लावायच्या क्रीमची बाटली आणि वापरून मऊ झालेले दोन सुती टीशर्ट. अशी उत्साहात होती की चप्पल काढायची विसरली. पण ठिणगी न्हाणीघराच्या दारात हाताची घडी घालून उभी.

"आधी तू," ती म्हणाली.

"मी कशाला? फोटो तुझा आहे."

"तुझे पण माझ्यासारखेच आहेत ना? मग तू का लपवतेस?"

आता आली का पंचाईत! लाँड्रीतल्या मालकाला न घाबरणारी माझी बहीण सात वर्षांच्या पोरीपुढे लालबुंद झाली. मला वाटलं, ही पिशवी उचलून घरी जाणार. पण ती स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "काढ पिना."

मी एकेक पिन काढून वाटीत टाकू लागले. ठिणगी मोठ्याने मोजत होती. बावीस! कानामागे माझ्या बोटांना एक गुळगुळीत डाग लागला. भाजल्याचा. केस वाढले, डाग तसाच राहिला होता. माझे हात तिथेच थांबले.

"ताई, मला माफ कर गं."

"तू कसली माफी मागतेस? डोकं मीच पुढे केलं होतं. पाणी कोमट कर."

मग काय ती धांदल! लोकरीचा अख्खा पाठ ताईने दोन डोक्यांवर चालवला. चोळायचं नाही. क्रीम लावून केस ओले असतानाच कंगवा फिरवायचा, तोही खालच्या टोकापासून वर. ठिणगी डोळे मिटून रडायची वाट बघत बसली होती आणि रडूच आलं नाही. "झालं?" म्हणाली. झालं होतं! मग टीशर्टमध्ये गुंडाळून नुसतं दाबलं, पिळलं नाही. "आता हात लावायचा नाही," ताईने बजावलं. ठिणगी तीन मिनिटं टिकली. डाव्या बाजूचे केस चिवडून तिने पार कापूस करून टाकला.

"बघ, नाहीच होत!" तिने भोकाड पसरलं. घड्याळात साडेबारा वाजले होते. माझा धीर सुटला, पण ताईचा नाही. तिने ती बाजू पुन्हा ओली केली, पुन्हा क्रीम लावलं आणि ठिणगीचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसली. अडीच तास! दोघी भिंतीला पाठ लावून, एकमेकींचे हात धरून, हलायचं नाही म्हणून नुसत्या डोळ्यांनी हसत.

तीनच्या सुमाराला ठिणगीच्या कपाळावर पहिलं वेटोळं सुटलं. मग कानाशी दुसरं. मग भराभर! आणि ताई... मी काय सांगू. पंचवीस वर्षं कोंडलेले ते केस खांद्यावर येऊन वळत होते, काही काळे, काही चंदेरी. मी इतकी सुंदर बहीण माझ्याच घरात कधी बघितली नव्हती. मी रडले, सरळ रडले.

गडबडीत वेळ रद्द करायचा फोन राहून गेला होता. वेळ घेऊन न जाणं मला पटत नाही, म्हणून तिघी पार्लरला गेलो. ताई रस्त्याने प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला बघत होती. मी मात्र लेकीकडेच बघत होते. ठिणगीने अजून 'नको' असा शब्द काढला नव्हता. आत गेल्यावर तर ती आपणहून खुर्चीवर चढून बसली.

पार्लरवाल्या बाईंनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री उचलली. "किती कापायचे?"

ठिणगीने आरशात आधी स्वतःकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या मावशीकडे.

"कापायचे नाहीत," ती म्हणाली. "दाखवायला आलोय."