तीस तासांची मुदत

"पण साहेब, तो माणूस आत्ता झोपलेला असेल ना," असं म्हणून तो चष्मा कपाळावर ढकलायचा आणि अख्खी मीटिंग माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघायला लागायची. त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर "होता एक, हुशार होता," म्हणून विषय बदलत आलो. आता पंच्याहत्तरी उलटली. आता तरी खरं लिहितो.

नोएडात तेव्हा शेतांच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत आम्ही एका परदेशी कंपनीसाठी इंटरनेटवरचा खेळ बनवत होतो. खेळ अंतराळातला. जगभरातल्या खेळाडूंनी तिथे आपापली ठाणी वसवायची आणि दुसऱ्यांची जिंकायची. ठाणं कसं जिंकायचं आणि कसं राखायचं, याचे नियम ठरवणं आमच्या गटाचं काम. गटप्रमुख मी. तो माझ्या हाताखाली, वयानं पंधरा वर्षांनी लहान.

मी गडकिल्ल्यांचा भक्त. बुरूज, तटबंदी, चोरदरवाजा, सगळं अंतराळात नेऊन वीस पानी आराखडा केला होता. त्यानं तो मन लावून वाचला. म्हणाला, "किल्ला बिल्कुल भारी आहे, साहेब. पण किल्लेदार ऑफिसला गेला असेल तर?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी बायकोला मात्र म्हणालो, "एक अतिशहाणा आलाय ऑफिसात."

त्याचा नियम साधा होता. पहिला हल्ला झाला की ठाण्याभोवती कवच बसेल आणि तीस तास कुणालाही आत शिरता येणार नाही. तेवढ्यात मालकाला निरोप जाईल. तो झोपेतून उठेल, कामावरून परतेल, मित्र जमवेल. मग खरी लढाई.

"हे सुचलं कुठून?" मी विचारलं.

"सरोजिनी नगरमधून," तो म्हणाला. वडील केंद्र सरकारात कारकून, घर दिल्लीतल्या त्या सरकारी वसाहतीत. ते निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करायची नोटीस आली. "रडारड झाली थोडी. पण मुदत होती ना. तेवढ्यात आईनं गाझियाबादला दोन खोल्या शोधल्या. सरकार मुदत देतं, तर हल्ला करणाऱ्यानं पण द्यावी की, यार." मग जीभ चावून, "सॉरी, साहेब."

परदेशातल्या साहेबांना नियम फार आवडला. फोनवर ते त्यालाच बोलवायला लागले. दुपारी सगळे डबे घेऊन त्याच्या टेबलाभोवती जमायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्याभोवती खुर्च्या आपोआप सरकतात. तिकडून हसणं ऐकू आलं की मला वाटायचं, माझ्यावरच हसताहेत. माझ्या वीस पानांचं नाव कुणी काढेना. तो रजेवर असला की मला भूक चांगली लागायची.

त्याची एक सवय मला ठाऊक होती. सगळी आकडेमोड तो आधी पेन्सिलीनं कागदावर करायचा आणि कॉम्प्युटरवर तक्ता उतरवला की कागद फाडून टाकायचा. वडिलांची शिस्त. "फेअर झालं की कच्चं ठेवायचं नाही, साहेब. दोन कागद असले की भांडण होतं."

खेळ आधी थोड्या खेळाडूंना देऊन चाचणी व्हायची होती. तिचा तक्ता माझ्या हातून पुढे जायचा होता. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. मी तीसमधलं शून्य पुसलं आणि तक्ता पाठवून दिला.

तीन तासांत कोण उठणार आणि कोण येणार? दोन दिवसांत चाचणीतली बहुतेक ठाणी पडली. कुणी मालक झोपला होता, कुणी कामावर होता. परदेशातून खरमरीत मेल आली. बैठकीत मी म्हणालो, "तक्ता याचा आहे. मी विश्वासानं पुढे पाठवला."

तो भांडेल असं मला वाटलं होतं. उत्तरंही तयार ठेवली होती. त्यानं पडद्यावरच्या त्या आकड्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अच्छा. शून्य राहिलं वाटतं माझ्याकडून."

त्याला खेळाडूंच्या तक्रारींना उत्तरं द्यायच्या कामाला लावलं. आठवड्याभरात मी शून्य परत घातलं. नियम उत्तम चालला आणि माझ्या नावानं ओळखला जाऊ लागला. तो मात्र दोन ओळींचं उत्तर लिहिलं तरी शेजारच्याला म्हणायचा, "एकदा बघ ना यार, बरोबर आहे ना?" काही महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली.

बऱ्याच वर्षांनी कळलं, तो खूप आजारी आहे. गाझियाबादला त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रिक्षात पाठ करत होतो. तो अगदी वाळला होता. मला बघून त्यानं मुलीला हाक मारली. "बेटा, हे माझे साहेब. माझ्या चुकीनं सगळा खेळ बुडणार होता, यांनी सावरला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यानंतर मी डिझाइनला हात नाही लावला, साहेब. ते आपलं काम नाही, हे कळून चुकलं."

मुलगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पोहे खाल्ले, "तब्येतीला जप" म्हणालो आणि उठलो. पंधरवड्यात तो गेला.

पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: शून्य मी पुसलं होतं, तुझा आकडा बरोबर होता.