सासऱ्यापुढचं ‘मले काय मालूम’

२६ डिसेंबर १९६४. ओसरीवर चटई टाकून मी रेघा मारत बसले होते. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी, झाले पाच. शेजारी साठ प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वरवंटा. आईला चटणीसाठी वरवंटा हवा होता, त्यामुळे ती दोनदा येऊन गेली.

“सोळा वर्ग शिकली अन् रेघाच मारून राह्यली का वं? रेघा त दूधवालीबी मारते भितीवर.”

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. संख्याशास्त्र म्हणजे बव्हंशी दूधवालीच्या रेघाच. फक्त शेवटी वर्गमूळ काढायचं असतं.

संध्याकाळच्या आत या रेघांचं कोष्टक करून ते मेहकरच्या डाकबंगल्यावर सरांच्या हाती द्यायचं होतं. सर आम्हाला नागपूरला एम.ए.च्या राज्यशास्त्राच्या वर्गात संशोधन पद्धती शिकवत. पेपर नवीन होता आणि सरही त्याला नवीनच होते. ग्रामीण स्त्रियांच्या राजकीय जाणिवेवर ते एक लेख लिहीत होते. त्यासाठी आम्ही सुट्टीत आपापल्या गावी पाहणी करायची आणि सरांनी मोटारीनं फिरून ती गोळा करायची, असं ठरलं होतं. ज्याचं काम चांगलं, त्याचं नाव ते ट्यूटरच्या जागेसाठी सुचवणार होते. ती जागा मला हवी होती. एम.ए. संपल्यावर नागपूरला राहायला घरी सांगता येईल अशी दुसरी कुठलीही सबब माझ्याजवळ उरणार नव्हती.

सर पुण्याचे. मध्यमान, मध्यगा, बहुलक हे शब्द ते असे उच्चारत की पुढच्या ओळीला तीर्थप्रसाद मिळेल असं वाटावं. उदाहरणं विलायती पुस्तकातली, म्हणून सफरचंदांच्या पेट्यांची. वर्गातल्या निम्म्या पोरांनी सफरचंद पाहिलं होतं ते घरात कुणी आजारी पडलं तेव्हाच. प्रमाण विचलन शिकवताना त्यांनी फळ्यावर घंटेसारखी एक आकृती काढली आणि म्हणाले, “समाज हा असा असतो.” आम्ही समाज वहीत उतरवून घेतला. मी तर रंगीत पेन्सिलीनं.

नमुना कसा निवडायचा, हेही शिकवलं होतं. मनाला येईल ती बाई धरायची नाही. मतदार यादीतली दर सातवी बाई घ्यायची, मग ती कुणीही असो. हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. आमच्या गावात पहिलीच सातवी बाई वारलेली निघाली. मी दारातून परत फिरले तर तिच्या नवऱ्याला वाईट वाटलं. म्हणाला, “लिवून घ्या ना बाई. ती होती तवाबी मीच सांगत होतो.” मेलेल्या बाईचं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं.

सरपंच त्याहून अवघड. त्यांच्या घरचं एकही नाव यादीत आलं नाही म्हणून ते माझ्या वडिलांकडे तक्रार घेऊन आले.

“आमच्या घरची बाई काऊन सोडली? असं काय केलं आमी?”

“काका, दर सातवी घ्यायची असते. काकूंचा नंबर सहावा येतो,” मी म्हटलं.

“मंग सहावी मोज ना! सहा काय वाईट आकडा हाय?”

त्यांना पटवता आलं नाही. पुढं वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, ही त्या पाहणीची एकमेव निखळ मिळकत.

बाकी घरं मी नियमानं केली. सरांचे पंधरा प्रश्न छापील होते. पहिलाच असा: ‘मतदानविषयक निर्णय आपण कोणत्या घटकांच्या प्रभावाखाली घेता?’ हा प्रश्न माझ्या आईला विचारला असता तर तिनं डॉक्टर बोलावला असता. म्हणून मी सगळे प्रश्न आमच्या बोलीत विचारत असे: मत कोणाला द्यायचं हे कोण ठरवतं? झेडपी काय करते? गावात काय व्हायला पाहिजे? प्रत्येक घरी मला आधी पाट, मग चहा आणि मग उत्तर मिळालं. उत्तर एकच. “मले काय मालूम, माय.” उत्तर देणारीला डिवचू नये, तिच्या तोंडात शब्द घालू नयेत, हा नियम मला पाठ होता. मी डिवचलं नाही. ‘माहीत नाही’वर खूण केली, चहा संपवला आणि पुढचं घर गाठलं.

तर त्या दिवशी रेघा मारता मारता ‘माहीत नाही’चा रकाना भरला आणि समासात गेला. बाकीच्या रकान्यांत इकडेतिकडे चारदोन रेघा, पडक्या कुंपणासारख्या. खरं सांगते, मला आनंद झाला. ग्रामीण स्त्री राजकारणाबाबत उदासीन आहे, असं सरांचं म्हणणं होतं आणि इतकं स्वच्छ कोष्टक त्यांना दुसरं कुणी देणार नव्हतं. ट्यूटरची जागा मला ओसरीवरून दिसायला लागली.

तेवढ्यात शेजारची काकू विरजण मागायला आली. भांडं आईच्या हाती देऊन ती दारातच टेकली आणि सुरू झाली.

“पाह्यलं का बाई, सडक निघाली! सरपंचाच्या वावरापर्यंत आली अन् थांबली. झेडपीतला त्याचा साडू हाय ना, त्यानं केलं. अन् माळ्याइच्या बाजूची इहीर तशीच पडून राह्यली. आता येऊ दे सरपंचाले मत मांगाले. मागच्या खेपेले आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायकाइनं ठरवून पाडला होता त्याचा मानूस. मानसाइले अजून समजलं नाही कसा पडला थो!”

काकूची प्रश्नावली गठ्ठ्यात होती. मी शोधून काढली. पंधरा प्रश्न, पंधरा वेळा ‘माहीत नाही’.

“काकू, परवा मी हेच विचारलं होतं. तू तर म्हणालीस, मले काय मालूम.”

“मंग काय म्हनू? बुढा समोर बाजेवर बसेल होता.”

“म्हणून माहीत नाही म्हणायचं?”

“अवं, सासऱ्यापुढं सुनेनं ‘मालूम हाय’ म्हनावं का?” काकूनं आईकडे पाहिलं. “वहिनी, हिले कोन्त्या कालेजात घातलं वं तुमी?”

दोघी हसल्या. मी हसले नाही. आजोबा जिवंत असताना माझी आई, भाजीत मीठ घातलं का, यालाही ‘मले काय मालूम’ म्हणत असे. आणि भाजीत मीठ तिनंच घातलेलं असे. हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. सर पुण्याचे, त्यांना कळलं नसतं तर चालण्यासारखं होतं. मी याच गावची, याच ओसरीवरची, आणि दोन वर्षांत मध्यगा काढायला शिकून एवढं विसरले होते. साठ घरांत मी सासऱ्यांच्या, दिरांच्या, नवऱ्यांच्या समोर बसून चहा प्याले होते आणि त्याला पाहणी म्हणत होते.

वरवंटा आईला दिला, गठ्ठा पिशवीत भरला आणि दोन मैल चालत मेहकर गाठलं. सर डाकबंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते.

“या! कोष्टक आणलंत? निष्कर्ष मी लिहून ठेवला आहे, आकड्यांपुरती जागा सोडली आहे.”

काकूचं सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आजारी माणसाचं ऐकावं तसं.

“एका काकूंची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. आणि ‘माहीत नाही’ हेही उत्तरच आहे. ते दिलं गेलं, तुम्ही नोंदवलंत. पद्धत काटेकोर पाळली आहे तुम्ही.”

“पद्धत पाळली, सर. पण विचारताना जवळ कोण बसलं होतं, ते कुठंच लिहिलेलं नाही.”

“प्रश्नावलीत तसा रकाना नाही.”

“तेच म्हणते मी.”

सरांनी चष्मा पुसला. “हे पाहा, लेख पुढच्या आठवड्यात जायचा आहे. कोष्टक देणार असाल तर तुमचं नाव मी आजच कळवतो. नाहीतर मोताळ्याकडच्या त्या विद्यार्थ्याचं कळवावं लागेल. त्याच्या साठ प्रश्नावल्या एका दुपारी झाल्या.”

“एका दुपारी? कशा?”

“कामसू आहे,” सर म्हणाले.

एका दुपारी साठ बायका होत नाहीत. पारावर बसलेले चार पुरुष होतात. हे बोलून काही उपयोग नव्हता. कोष्टक माझ्या पिशवीत होतं, सरांचा हात पुढं होता. मी म्हटलं, “मग त्याचंच कळवा, सर,” आणि उठले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. डाकबंगल्याच्या पायऱ्या उतरताना मला स्वतःचा इतका राग आला होता की शेवटची पायरी चुकली. याच पाहणीवर परीक्षेसाठी लिहायचा माझा अहवाल मात्र माझ्या हातात होता आणि तो द्यायला अजून महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साठही प्रश्नावल्या उलट्या केल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं एक रकाना आखला: ‘जवळ कोण होतं’. मग आईचं जुनं लुगडं नेसले, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटा बांधला आणि काकूच्या टोळीबरोबर कापूस वेचायला गेले. शेतात सगळ्या बायकाच होत्या. माझ्या यादीतल्या अकराजणी त्यांत होत्या. तोंडं सुटली होती, पण मी विचारायला लागले तशी बाजूच्या ओळीतली एकजण म्हणाली, “बाई, पहिले हात चालव. उभ्या मानसाले कोनी सांगत नसते.”

मी वेचायला लागले. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. ओळ संपल्यावर बांधावर बसून प्रश्नावली काढली आणि नव्या रकान्यात लिहिलं, ‘पुरुष कोणी नाही’. “हं, इचार आता,” ती म्हणाली.