मिटलेली छत्री

एड्सच्या नुसत्या नावानं लोक दचकायचे, तेव्हाची गोष्ट. पूर्णेला जाणाऱ्या गाडीत एक आत्या एड्स झालेल्या भाच्यापासून, त्याच्या पाण्याच्या तांब्यापासूनही अंग चोरून बसली होती. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी आपली बटणाची छत्री उचलली.

"आत्या, या विषाणूच्या अंगावर अशा मिटलेल्या छत्र्या असत्यात. रक्तातल्या ठराविक पेशीला चिकटल्या की आकार बदलून उघडत्यात, मग विषाणू आत शिरतो. उष्ट्या पाण्यानं उघडत न्हाईत."

तेवढ्यात बटण दाबलं गेलं. छत्री फाडकन उघडली अन् माझी टोपी उडाली.

"ही उघडली की!" आत्या खुदकन हसली.

"ही माझी हाय, लय वात्रट!"

छत्री काही मिटेना, म्हणून बाई पूर्णेला उघडी छत्री घेऊनच उतरल्या. आत्यानं भाच्याचा तांब्या घेतला अन् तोंड लावून पाणी प्याली.