काहीही बोला, कुणाला कळतंय!

माझ्या ताईचा आवाज तुम्ही सिनेमात ऐकला असेल, तर तो तुम्ही ऐकलेलाच नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

आम्ही दोघी बहिणी परदेशात स्थायिक झालेल्या, आणि ताई इथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घेते, गेली बावीस वर्षं. नळ कोरडा पडला की माणसं फोनवर काय काय बोलतात, ते लिहिण्यासारखं नाही. ताई सगळं ऐकून घेते आणि मग हळूच विचारते, "घरात लहान मूल आहे का? आजारी कोणी?" एवढ्यानं समोरचा निम्मा निवळतो. असाच एक जण निवळला आणि म्हणाला, "बाई, तुमचा आवाज फार गोड आहे. सिनेमात द्याल का?" तो निघाला रेकॉर्डिस्ट. बाहेरून आलेले प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे इथल्या भाषेत करायचे, हे त्याचं काम. पडद्यावर बाई एक, आवाज दुसरीचा.

मी तर हरखूनच गेले. म्हटलं, आता ताईला एखादी वकीलबाई मिळेल, एखादी महाराणी मिळेल, गेला बाजार नर्स तरी मिळेल. कसलं काय! मिळाली आई, भारतीय आई. त्यानंतर अकरा वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी आईच.

ताई इथली भाषा इतकी स्वच्छ बोलते की फोनवर ती कुणाला परकी वाटत नाही. पहिल्याच शनिवारी रेकॉर्डिस्ट म्हणाला, "छान, पण जरा बिघडवा, भारतीय वाटू द्या." बिघडवा! इतकी वर्षं घासून-पुसून लख्ख केलेली भाषा बिघडवा! ताईनं बिघडवली. म्हणाली, "जाऊ दे गं, शनिवारची करमणूक." माझी होत नव्हती करमणूक. त्या सिनेमांत भारतीय बाप असतो तो हातात डॉक्टर मुलांची यादी घेऊन. मुलगा असतो तो गणितात हुशार. हिरॉईनला रडू आलं की रुमाल द्यायला तो पुढे, पण त्याच्या प्रेमात कुणी पडायचं नाही. लग्नात हत्ती. अहो, मी उभ्या आयुष्यात हत्ती फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिला, तोही झोपलेला! आणि आई? आई छाती पिटते, चक्कर येऊन पडते आणि म्हणते, "तू माझ्यासाठी मेलीस."

हे कुणाच्या तोंडून, तर माझ्या ताईच्या. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलंय, नोंदणी कचेरीत. साक्षीदार मीच. सही करायच्या वेळी पेन चालेना, तर भावोजी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचं पेन न विचारता उचलून घेऊन आले. ते पेन अजून घरात आहे. अशा बाईनं अकरा वर्षं पडद्यामागून लोकांच्या मुलींची लग्नं मोडली.

आता माझ्या भाचीचं सांगते. ताईची एकुलती एक. दोन वर्षं तिचं एका जनावरांच्या डॉक्टरवर प्रेम. मुलगा इथलाच, उंच, शांत. मी दोनदा भेटले, मला आवडला. ताईनं किती वेळा निरोप दिला, घेऊन ये त्याला जेवायला. दर वेळी काहीतरी निघायचं. गाय अडली, घोडा लंगडतोय, कुत्र्याचं ऑपरेशन. मी म्हणायचे, या गावातली सगळी जनावरं नेमकी रविवारीच कशी आजारी पडतात?

मग एका रविवारी भाची एकटीच आली. बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाली, "आई, तो दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी चाललाय. नोकरी घेतलीय. मला म्हणाला, आज ना उद्या तुला आई किंवा मी, यातलं एक निवडावं लागेल, आणि तुझं घर माझ्यामुळे तुटायला नको."

"पण मी कधी नाही म्हटलं?" ताई म्हणाली.

"त्याला वाटतं, तू म्हणशील. सिनेमात बघितलंय ना त्यानं. त्या आईचा आवाज ऐकला की कानांवर हात ठेवतो."

ताईच्या हातातली सुरी थांबली. त्या आईचा आवाज कुणाचा, हे भाचीनं त्याला लाजेपोटी सांगितलंच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. खवळलेल्या बैलाला सुई टोचणारा माणूस, दोन वर्षं आमच्या पोरीबरोबर हिंडतोय-फिरतोय, आणि विश्वास कुणावर? तर सिनेमावर! "दे त्याचा नंबर, चांगली हजेरी घेते," म्हटलं. भाची म्हणाली, "मावशी, उपयोग नाही. आईनं स्वतः फोन केला तरी पटणार नाही. सिनेमात आई आधी गोडच बोलते. मग पडते चक्कर येऊन."

त्या शनिवारी ताई रेकॉर्डिस्टला सांगायला निघाली, की आता पुरे. मी सोबत गेले. त्यानं हात जोडले. हे शेवटचं दृश्य तेवढं करा म्हणाला, दुसरं कोणी मिळणार नाही. पडद्यावर मुलगी बॅग घेऊन दारात, मुलगा खाली गाडीपाशी, आणि आई चौकट धरून एक मिनिटभर किंचाळतेय. कागदावर एवढंच लिहिलेलं, 'आई आपल्या भाषेत आरडाओरडा करते.'

"काय बोलू?" ताईनं विचारलं.

"नेहमीसारखं काहीही बोला. कुणाला कळतंय! फक्त तोंड उघडं दिसेल तिथे आवाज हवा."

अशा जागी ताई आजवर तेराचा पाढा म्हणायची. खरंच सांगते! जगाला भारतीय आईचा टाहो म्हणून जे ऐकू आलं, ते तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस होतं.

ताईनं हेडफोन चढवले. सुरू करायची खूण म्हणून टिक, टिक, टिक झालं. पडद्यावरच्या बाईनं आ वासला, आणि काचेपलीकडून ताई ओरडली, घसा फाटेस्तोवर ओरडली.

"जा गं पोरी, जा! कुणी अडवलंय तुला? यांनी माझं तोंड वेडंवाकडं केलंय, तिकडे बघू नकोस! चांगला आहे तो! अरे बाबा, बैलाला घाबरत नाहीस, मग मलाच का घाबरतोस? मी पण माझ्या मनानं लग्न केलंय! पेन चालत नव्हतं तरी केलं! या दोघं घरी! रविवारी या! दार उघडं आहे रे!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रेकॉर्डिस्ट टाळ्या पिटत म्हणाला, "अप्रतिम! काय शिव्या घातल्यात हो!" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी तिथून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

सात आठवड्यांनी तो सिनेमा लागला. मी तीन तिकिटं काढली, दुपारच्या खेळाची. डॉक्टरला सांगितलं, "जाताय ना? मग माझ्यासाठी एवढं करा." बिचारा आला. ताई त्यात काय ओरडलीय, हे भाचीला मी सांगितलं नव्हतं. ताई कचेरीत होती.

ते दृश्य आलं. बाईनं चौकट धरली, आ वासला, आणि थिएटर हसायला लागलं. शेजारचा एक जण तर मांडीवर थापा मारत होता. माझी ताई जिवाच्या आकांतानं पोरीला घरी बोलावतेय, आणि हे खिदळतायत! उठून एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

डॉक्टरनं मान खाली घातली. "बघ," भाचीला म्हणाला, "अशीच असते."

भाचीनं त्याचा हात घट्ट धरला. "ही माझी आई आहे," ती म्हणाली. "हा तिचा आवाज. ती म्हणतेय, रविवारी घरी या, दार उघडं आहे."

त्यानं मान वर केली. पडद्यावरच्या बाईनं आता तोंड मिटलं होतं. "आणि त्याआधी काय म्हणाली?"

"म्हणाली, बैलाला घाबरत नाहीस, मग मलाच का घाबरतोस."

तो उठला आणि सरळ बाहेर गेला. आम्ही मागोमाग. भिंतीपाशी उभं राहून त्यानं पाण्याच्या तक्रारीचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला. इथे तो सगळ्यांनाच पाठ असतो, आणि ताई तिथे फोन घेते हे त्याला ठाऊक होतं. पलीकडून ताईचा आवाज आला, तिचा खरा, हळू आवाज. "पाणीपुरवठा. बोला, काय त्रास आहे?"

डॉक्टर नुसताच "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"घाबरू नका," ताई म्हणाली. "घरात लहान मूल आहे का? आजारी कोणी?"

"मी... जनावरांचा डॉक्टर," तो म्हणाला. "रविवारी किती वाजता येऊ?"

पलीकडे दुसरा फोन वाजायला लागला, तो ताईनं वाजू दिला.

"एक वाजता या," ताई म्हणाली. "आणि हे बघा, मला चक्कर-बिक्कर येत नाही. निवांत जेवा."