नवऱ्याचा डावा पाय

माझ्या नवऱ्याचा डावा पाय मला या जगात सगळ्यात नकोसा वाटतो. माणूस वाईट नाही, पाय वाईट आहे. पिकअप घेण्याआधी तो बैलगाडी हाकायचा, आणि बैलगाडीत बसलं की पाय कशावर तरी टेकवून ठेवायची सवय लागते. ती सवय त्याने सरळ क्लचच्या पेडलवर आणून ठेवली. गिअर बदलायचा असो नसो, पाय तिथेच. मी शंभरदा सांगितलं, पाय खाली ठेवा. तो हसायचा. "तू माही मास्तरीण होऊन राह्यली का?"

दुसरी खोड आमच्या रस्त्याची. धानोऱ्यापलीकडच्या जंगलात गाड्या कमी आणि हात दाखवणारी माणसं फार. ज्याने हात दाखवला त्याला घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. यात मला काही वावगं वाटत नाही. पण नवरा गाडी पूर्ण थांबवायचाच नाही. क्लच अर्धा दाबून, इंजिन गुरगुरत ठेवून गाडी मुंगीच्या पावलाने सरकवायची, आणि माणसाने चालता चालता मागच्या हौद्यात चढायचं. चढाव असला तरी तेच, चढणारी म्हातारी असली तरी तेच. थांबायला काय झालं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मोहफुलांच्या दिवसांत गाडीने तक्रार सुरू केली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, वेग मात्र वाढायचा नाही. मागोमाग केस जळल्यासारखा वास यायचा. तो वास माझ्या लुगड्यालाही लागायचा, जेवतानासुद्धा जायचा नाही. धानोऱ्याच्या मिस्त्रीने एक चक्कर मारून पाहिली आणि सांगितलं, "भाऊ, क्लचची प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवा लागते. एक दिवस गाडी ठेवा."

"हंगामात एक दिवस कुठून आणू?" नवरा म्हणाला. "चालून त राह्यली ना."

आमच्याकडे कुठलीही वस्तू मेल्याशिवाय आजारी समजत नाहीत.

त्याच आठवड्यात माझी परीक्षा होती, सरकारी वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या जागेची. शेती आणि पोरं सांभाळून मी बाहेरून बी.ए. केलं होतं. तीन वर्षं चुलीपुढे बसून पुस्तकं वाचली होती. परीक्षेचं केंद्र गडचिरोलीत, सकाळी नऊला गेट बंद. आणि अटीत माझं वय त्या वर्षी शेवटचं बसत होतं. सकाळची एसटी नऊनंतर पोचायची, म्हणून पिकअप.

उजाडता उजाडता मी हॉल तिकीट पदरात धरून बाहेर आले, तर हौद्यात मोहफुलांची पोती भरलेली. बारा पोती! मी बघतच राहिले.

"जाऊनच राह्यलो त रिकामी कायले न्यायची?" तो म्हणाला.

त्याच क्षणी मी भांडायला हवं होतं. पण परीक्षेच्या दिवशी तोंड खराब करू नये म्हणून गप्प बसले. पुढे प्रत्येक टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, हात दिसला, प्रत्येक हातासाठी अर्धा क्लच. बाजाराला निघालेले सात जण पोत्यांवर चढून बसले. मी खिडकीबाहेर बघत मनात प्रश्नोत्तरं घोळवत होते, आणि तो जळका वास माझ्या डोक्यात शिरत होता.

मोठ्या चढावावर गाडी रडायला लागली. इंजिन आकाशपाताळ एक करतंय आणि गाडी जागच्या जागी. मग मागे घसरू लागली. नवऱ्याने ब्रेक मारला, खालून धूर आला. घड्याळात साडेसात वाजले होते.

पोत्यांवरचे एक भाऊ उतरले आणि म्हणाले, "माती टाका न. पकडते." आमच्या भागात हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. क्लचच्या डब्याला खालून रबराचं झाकण असतं. ते काढून मूठभर कोरडी माती आत फेकायची, म्हणजे घसरणारी प्लेट पकड घेते म्हणे. माझा नवरा, चाळिशी ओलांडलेला माणूस, गाडीखाली उताणा पडून इंजिनाला माती चारायला लागला. मला इतकी किळस आली की मी पाठ फिरवली. गाडी पन्नास पावलं चालली आणि पुन्हा बसली.

"पोती उतरवा," मी म्हणाले.

"मोहा रस्त्यावर टाकू? कोणाच्या भरोशावर?"

"माह्या परीक्षेच्या भरोशावर टाका."

लोक आपणहून उतरले. बायांनी पदर खोचले आणि पोती ओढायला लागल्या. पण नवरा पोत्यांसाठी सावली शोधत होता. मग पोत्यांजवळ कोण बसेल यावर त्याची बोलणी सुरू झाली. एकाला तंबाखू दिली, दुसऱ्याला समजावलं. शेवटी ते माती सुचवणारे भाऊ तयार झाले. यात वीस मिनिटं गेली. मी मोजली.

मग सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. मीही ढकलली, परीक्षेचं लुगडं नेसून. रिकामी गाडी चढाव चढली, बाकीचे मागून पायीच बाजाराला निघाले. सपाटीला लागल्यावर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले, पाय पेडलकडे गेला की चिमटा. गाडी हळूहळू, न जळता, गडचिरोलीला पोचली. नऊ वाजून बारा मिनिटांनी.

गेट बंद होतं. नवरा गेटवरच्या माणसापुढे हात जोडून उभा राहिला, गाडी बिघडली सांगत. तो माणूस रागावलाही नाही. "बाई, माह्या हातात असतं त सोडलं असतं," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाला. आतल्या वर्गांत बाया पेपरावर माना घालून बसलेल्या मला दिसत होत्या.

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. नवरा कुठेतरी गेला आणि कागदात भजी घेऊन आला. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "पुढल्या वर्षी भरजो न."

"पुढल्या वर्षी माह्यं वय बसत नाई."

त्याने कागदातलं एक भजं उचललं आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "मंग मले काऊन नाई सांगितलं?"

सांगितलं होतं. फॉर्म भरताना सांगितलं होतं, हॉल तिकीट आलं तेव्हा सांगितलं होतं, आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. पण आता ते पुन्हा सांगायचं माझ्या जिवावर आलं. भजी गरम होती. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. मी एकेक करून सगळी खाल्ली, कागदाला चिकटलेला कांद्याचा कुरकुरीत चुरासुद्धा. तेव्हा मला माझीच किळस आली.