तळाची फळी

आमच्या रांदा गावात समुद्राचा आवाज थेट स्वयंपाकघरात येतो. तरी माझ्या दिद्रिकमामाने जवळजवळ सगळा जन्म समुद्रावाचून काढला. आणि तो मासेमार होता! हे सांगताना अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

महायुद्ध संपता संपता त्याचा धाकटा भाऊ कोर्ली शेजाऱ्यांच्या होडीतून समुद्रापलीकडे स्वीडनला पळाला. मामा मागे राहिला, कारण आजी अंथरुणाला खिळली होती. मग परके सैनिक आले आणि टेकाडावर पहाऱ्याचा मनोरा उभा राहिला. रोज संध्याकाळी ते किनाऱ्याची वाळू शेतासारखी कुळवायचे. सकाळी त्या वाळूवर पाऊल दिसलं की अख्ख्या गावाची चौकशी. अंधार पडायच्या आत माणसांनी किनारा सोडायचा. सहकारी संस्थेच्या बोटीवर जायला परवाना लागे, आणि ज्याचा भाऊ पलीकडे, त्याला कसला परवाना? मामाला शेडमध्ये दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करायला बसवलं.

एकदा वाळूत खूर उमटलेले सापडले. आमच्या शेजारच्या पाउलीनाकाकूला शेळीसकट चौकीवर हजर केलं.

"पलीकडे नातेवाईक आहेत?" कप्तानाने विचारलं.

"माझे नाहीत, साहेब. शेळीचं तिलाच विचारा."

गाव हसलं, पण दारं लावून. कुळव फिरायच्या आधीच्या पावलांना खरं तर मुभा होती, पण त्या दिवसापासून सगळ्यांनी धसकाच घेतला. किनाऱ्यावरून परतताना हातात पाइनची फांदी घ्यायची आणि उलटं चालत आपली पावलं पुसत यायचं. मी चालायला शिकले ती जणू अशीच.

पुढे हुकूम निघाला की एकही खाजगी होडी किनाऱ्यावर दिसता कामा नये. सगळ्या होड्या ओढत ओढत वाळूच्या टेकडीमागच्या रानात नेऊन टाकल्या. आम्हा लिव लोकांत, या किनाऱ्यावरच्या मूठभर मासेमारांत, म्हातारी होडी कुजू देत नाहीत आणि चुलीतही घालत नाहीत. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला तिला किनाऱ्यावर आणून, सगळ्या गावासमोर जाळतात. पण किनाऱ्यावर काडी ओढायलाही बंदी होती. मग होड्या रानातच कुजत गेल्या.

मामाची मात्र कुजेना. दर वसंतात तो डांबराचं भांडं घेऊन रानात जायचा, तिला न्हाऊमाखू घालायचा, तिच्याशी आमच्या लिव भाषेत बोलायचा. ती होडी त्याने आणि त्याच्या वडिलांनी बांधली होती. ती पुन्हा पाण्यात घालायची, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

"दिद्रिक, अरे नवरीला एवढं नटवतोस," पाउलीनाकाकू चिडवायची, "पण वरात निघायची कधी?"

"निघेल गं. तू शेळी घेऊन ये वरातीला."

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मामाला डबा द्यायला रानात गेले, तर कप्तान होडीवर हात फिरवत उभा होता.

"ही तर उद्याही पाण्यात जाईल," तो म्हणाला.

"आज जाईल!" मामा छाती काढून म्हणाला.

आता काय म्हणावं या माणसाला! गळते म्हणायचं, तळ गेलाय म्हणायचं. पण आमच्यातला कोणताच पुरुष आपल्या होडीला गळकी म्हणणार नाही. बायकोला म्हणेल काहीबाही, होडीला नाही.

"मग तळ फोड," कप्तान म्हणाला. "माझ्यासमोर."

मामा म्हणाला, "साहेब, ती मोडायचीच असेल तर सणाला किनाऱ्यावर जाळू द्या. तिचा तेवढा मान आहे."

"किनाऱ्यावर जाळ? कुणाला खूण करायचीय, भावाला?"

मामा घरी गेला आणि कुऱ्हाडीऐवजी पकड घेऊन आला. होडीखाली आडवा झाला, एकेक खिळा उपटला आणि तळाची एक फळी अख्खी सोडवली. कप्तानाने भोकातून हात घालून पाहिला आणि निघून गेला. त्याला भोक हवं होतं, ते मिळालं. मामा फळी खांद्यावर टाकून घराकडे निघाला.

"फोडलेला तळ सांधत नाही, मिने," तो मला म्हणाला. "काढलेली फळी परत बसते."

ती फळी माळ्यावर राहिली. दर वसंतात तिला डांबर मिळे. होडीकडे मात्र मामा पुन्हा फिरकला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "कोणत्या तोंडाने जाऊ?"

आई वारली, तेव्हा घरात त्याच्याशी आमच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नाही. मला ती समजते, बोलता येत नाही. माळ्यावरून त्याचं बोलणं ऐकू यायचं आणि मी खाली भाकरीचं पीठ मळत रडायची.

अखेर एका वर्षी सैनिक निघून गेले. मनोऱ्याचं दार वाऱ्यावर आपटत राहिलं. मामाने फळी खाली काढली, मी हातोडा आणि खिळे घेतले. त्याची चाल इतकी झपाट्याची होती की मला धाप लागली.

होडीच्या कडा खचल्या होत्या. बोट लावलं की लाकडाचा भुगा होत होता. आणि फळी काढलेल्या नेमक्या जागेतून एक पाइन वर आला होता, माझ्याहून दुप्पट उंच. मामाने फळी त्या भोकाशी धरून पाहिली. मग झाडाच्या खोडावरून हात फिरवला.

"चांगलं वाढलंय," तो म्हणाला आणि शेवाळावर बसला.

त्या वर्षी सणाला तो फळी घेऊन किनाऱ्यावर आला. चीज होतं, बिअर होती, गाणी होती. जाळ पेटला. मामाने फळी त्यावर ठेवली, तिचं नाव घेतलं, होडीचंच नाव, आणि आमच्या भाषेत निरोप दिला. काठी टेकत आलेल्या पाउलीनाकाकूने त्याच भाषेत साथ दिली. इतक्या वर्षांचं डांबर; फळी भडकली आणि बघता बघता संपली.

लोक उजाडेपर्यंत बसणार होते. आता हटकणारं कोण होतं? सूर्य अजून पाण्यावर होता. मामाने एकदा मनोऱ्याकडे पाहिलं आणि तो उठला.

"चल मिने, वेळ झाली."

"कुठली वेळ, मामा? कोणी नाही आता तिथे."

"माहीत आहे मला."

मी त्याच्याबरोबर निघाले. टेकडीपाशी त्याने पाइनची एक फांदी मोडली, मागे फिरला आणि पाण्यापासून उलटं चालत आपली पावलं पुसत आला. माझ्याजवळ पोचल्यावर त्याने वर पाहिलं. माझी पावलं तशीच होती. मग तो पुन्हा खाली गेला आणि तीही पुसून आला.