झबलं वर करून बघायला काय जातं?

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून राहिलो.

ताईचं लेकरू दीड वर्षाचं. दोन दिवस ताप, खोकला. आज गावाजवळच्या दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "काय होतं?" ताई म्हणाली, "खोकला." झालं! सर्दीचं औषध लिहिलं अन् "चला, पुढचा!"

मी म्हटलं, "साहेब, झबलं वर करून श्वास तर मोजा."

"काहून? तू डॉक्टर हायस? किती शिकला?"

"कॉलेज सोडलं."

"मंग औषध घे अन् निघ."

रांगेतले हसले. ताईसुद्धा म्हणाली, "गप की रे, चारचौघांत इज्जत घालवतो."

पण मला माहीत होतं. जिच्यावर माझा जीव आहे, ती नर्सिंग शिकायची. परीक्षेआधी फोनवर तिला प्रश्न मीच विचारायचो. वर्षावरच्या लेकराचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त असला तर न्यूमोनियाचा धोका, आणि मोजायचं पूर्ण मिनिटभर. आता तिनं मला ब्लॉक केलंय, पण तिचं उत्तर डोक्यातून गेलं न्हाई.

बाहेर बाकावर मीच झबलं वर केलं, मोबाईलवर मिनिट लावलं. अठ्ठावन्न! तसंच जीपनं हिंगोली गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी झबलंच वर केलं. न्यूमोनियाच निघाला. लेकरू भरती आहे, आत्ताच थोडं दूध प्यायलं.

साहेबांकडं एक मिनिट नव्हतं. मंग मला सांगा, ज्या लेकराचा मामा नर्सिंगवालीच्या प्रेमात पडला न्हाई, त्यानं काय करायचं?